हरित हायड्रोजन, अवजड उद्योग आणि सरकारी पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनवर चालणाऱ्या पोलाद कारखान्याची किंवा त्यासाठी मंजूर झालेल्या अनुदानाची बातमी आली की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हायड्रोजन एकच वायू, मग त्यात हिरवा, करडा, निळा हे कुठून आलं?

वायूला स्वतःचा रंग नाही. रंगाचं नाव तो कसा तयार केला यावरून पडलं. नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून काढलेला तो करडा. त्याच्या प्रत्येक किलोमागे साधारण ९ ते १२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोळशापासून काढला तर हा आकडा १८-२० किलोच्या घरात जातो. करड्या प्रक्रियेतला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवला, तर तो निळा. पण किती कार्बन खरोखर पकडला जातो आणि विहिरीपासून कारखान्यापर्यंत किती मिथेन गळतो, यावर तो किती स्वच्छ हे ठरतं. सौर, पवन किंवा जलविद्युत वापरून पाण्याचं विघटन केलं की मिळतो तो हरित.

२०२३ मध्ये जगाने सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला. त्यात कमी उत्सर्जनाचा एक टक्काही नव्हता. म्हणून ‘हायड्रोजनवर चालणारा’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणता हायड्रोजन?

२. हे तंत्रज्ञान अजून प्रयोगशाळेतच आहे ना?

नाही. नॉर्वेत र्‍युकान इथे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून जलविद्युतीवर पाण्याचं विघटन करून खतासाठी हायड्रोजन बनवला जात होता. पुढे इजिप्तमध्ये आस्वानला आणि भारतात नांगलला धरणाच्या विजेवर असेच कारखाने चालले. नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि ही पद्धत मागे पडली. शुद्ध हायड्रोजनने लोहखनिजातून लोखंड काढणारा व्यापारी प्रमाणावरचा कारखानाही त्रिनिदादमध्ये १९९९ साली उभा राहिला होता, मात्र त्यातला हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढलेला होता. तंत्र जुनंच आहे. अडतं ते किमतीवर (प्रश्न ९).

३. वीज आहे तर थेट वीजच वापरा. मध्ये हायड्रोजनचा वळसा कशाला?

जिथे थेट वीज चालते तिथे थेट वीजच वापरावी. एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि तो जाळल्यावर हाती येते साधारण ३३ युनिट उष्णता. म्हणजे वळसा घेतला की तिसरा हिस्सा वाटेतच जातो. साठवण, दाबणं, वाहतूक धरली तर आणखी जातो.

पण काही ठिकाणी उद्योगाला उष्णता नको असते, रासायनिक काम करणारा पदार्थ हवा असतो. खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायचा आहे, नायट्रोजनशी संयोग करून अमोनिया बनवायचा आहे, कच्च्या तेलातलं गंधक काढायचं आहे. या कामांत हायड्रोजन स्वतः अभिक्रियेत भाग घेतो. लोखंडासाठी थेट विजेने खनिज फोडण्याच्या पद्धतींवर काम सुरू आहे, पण मोठ्या भट्टीच्या पातळीवर त्या अजून पोहोचलेल्या नाहीत.

४. पोलादाच्या भट्टीत हायड्रोजन नेमकं काय करतो?

आधी जुनी पद्धत. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे झोतभट्टीत, कोकमधला (कोळसा भाजून केलेल्या इंधनातला) कार्बन हा ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. एक टन पोलादामागे हा हिशेब दोन टनांच्या पुढे जातो. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद बनतं आणि त्यातला बहुतांश भाग याच मार्गाने येतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात पोलादाचा वाटा ७ ते ८ टक्के आहे तो यामुळे.

हायड्रोजनच्या पद्धतीत झोतभट्टीच नसते. उंच उभ्या भट्टीत वरून खनिजाच्या गोळ्या, पेलेट्स, सोडतात आणि खालून तापवलेला हायड्रोजन. गोळी खाली सरकत जाते तसा तिच्यातला एकेक ऑक्सिजन हायड्रोजन पळवतो आणि वरच्या तोंडाने वाफ बाहेर पडते. गोळी वितळत नाही, आकारही फारसा बदलत नाही. पण आतून ती छिद्राछिद्रांची होते, म्हणून तिला स्पंज आयर्न म्हणतात. वर निघालेली वाफ थंड करून मिळालेलं पाणी पुन्हा इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्याचं विघटन करणाऱ्या यंत्राला, देता येतं. स्पंज आयर्न मग विजेच्या आर्क फर्नेसमध्ये वितळवून पोलाद करतात.

वाचायला सरळ वाटतं, पण भट्टीवर काम करणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्याच असतात. कार्बन वायूंनी होणारी क्रिया स्वतः थोडी उष्णता देते, हायड्रोजनची क्रिया उष्णता खाते. त्यामुळे वायू जास्त तापवून सोडावा लागतो. दुसरं म्हणजे, हायड्रोजनने काढलेल्या लोखंडात कार्बन जवळपास शून्य असतो. आर्क फर्नेसमध्ये वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीला फेस येतो तो कार्बनमुळे, आणि तो फेस विजेच्या ज्वालेला झाकून ठेवतो. फेस नसेल तर उघडी ज्वाला भट्टीच्या भिंती भाजते, वीजही वाया जाते. म्हणून थोडा कार्बन बाहेरून घालावाच लागतो, आणि तो जैविक स्रोतातून यावा यासाठी प्रयत्न चालू आहेत. तिसरी अडचण खनिजाची. या मार्गाला साधारण ६७ टक्के किंवा त्याहून जास्त लोह असलेलं खनिज लागतं. असं खनिज जगात मुबलक नाही. कमी प्रतीच्या खनिजासाठी मध्ये आणखी एक विजेची वितळभट्टी बसवावी लागते.

५. हे कुठे प्रत्यक्षात झालं आहे का?

स्वीडनमध्ये लुलेओला हायब्रिट प्रकल्पाची पथदर्शी भट्टी २०२० मध्ये सुरू झाली. पोलाद कंपनी एसएसएबी, खाणकंपनी एलकेएबी आणि वीजकंपनी व्हॅटनफॉल अशा तिघांचा हा प्रकल्प. २०२१ च्या जूनमध्ये हायड्रोजनने केलेलं पहिलं स्पंज आयर्न निघालं आणि ऑगस्टमध्ये त्याचं पोलाद व्होल्वोकडे गेलं. खडकात खोदून अस्तर लावलेल्या १०० घनमीटरच्या गुहेत हायड्रोजन साठवण्याचा प्रयोगही तिथेच झाला. स्वीडनच्याच बोडेनमध्ये स्टेग्रा कंपनीचा ७०० मेगावॉट इलेक्ट्रोलायझरचा कारखाना उभा राहतो आहे.

अमोनियात नॉर्वेच्या हेरोयाला यारा कंपनीचा २४ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, त्याला सरकारी संस्था एनोव्हाचं अनुदान होतं. स्पेनमध्ये पुएर्तोयानोला २० मेगावॉटचा प्रकल्प २०२२ पासून आहे. चीनच्या शिनच्यांग प्रांतात कुचा इथला २६० मेगावॉटचा प्रकल्प तेलशुद्धीकरणासाठी हायड्रोजन करतो. प्रकल्प आहेत, पण पोलादाच्या भुकेपुढे अजून फार छोटे.

६. मग हायड्रोजन कुठे वापरावा आणि कुठे नाही, याचं काही माप आहे का?

आहे, आणि अनुदानाची प्रत्येक बातमी मी याच मापाने मोजतो. एक किलो हरित हायड्रोजनने किती किलो कार्बन डायऑक्साइड टळला?

झोतभट्टीऐवजी हायड्रोजनचा मार्ग घेतला तर टनामागे ५५-६० किलो हायड्रोजन लागतो आणि पावणेदोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळतो. म्हणजे किलोला जवळजवळ ३० किलो. अमोनिया किंवा रिफायनरीतला करडा हायड्रोजन काढून त्या जागी हरित घातला तर किलोला साधारण १० किलो. नैसर्गिक वायूऐवजी बॉयलरमध्ये जाळला तर किलोला जेमतेम ७ किलो, आणि तेच काम हीट पंपाने किंवा थेट विजेने कितीतरी कमी खर्चात झालं असतं.

हे अर्थातच हायड्रोजन खरोखर स्वच्छ विजेवर बनला असेल तर. कोळशाच्या विजेवर बनवला तर युनिटमागे सुमारे एक किलो धरून हायड्रोजनच्या एका किलोमागे ५० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याने पोलाद केलं तर झोतभट्टी परवडली.

या मापात एक गोष्ट येत नाही. करड्याच्या जागी हरित घालायला कारखाना फारसा बदलावा लागत नाही, पाईप आहेत, माणसं सरावलेली आहेत, गिऱ्हाईक दारात आहे. पोलादात अख्खी भट्टी नवी बांधावी लागते. म्हणून सुरुवात अमोनिया आणि रिफायनरीतून होते यात नवल नाही. माझं म्हणणं एवढंच, की लोकांचा पैसा बॉयलर पेटवायला जाऊ नये.

७. सिमेंट, ॲल्युमिनियम, काच यांचं काय?

सिमेंटमध्ये हायड्रोजन फारसा कामाचा नाही. तिथलं साधारण ६० टक्के उत्सर्जन इंधनातून येतच नाही, चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधन कोणतंही घाला, तो निघणारच. तिथे कार्बन पकडणं आणि सिमेंटमधलं क्लिंकरचं, म्हणजे चुनखडी भाजून केलेल्या खड्यांचं, प्रमाण कमी करणं हेच उपाय. ॲल्युमिनियममध्ये मुख्य प्रश्न स्वच्छ विजेचा आहे. काचेच्या भट्टीत हायड्रोजन जाळण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, पण तिथे विजेची भट्टी हा तगडा पर्याय आहे.

८. आहे त्याच झोतभट्टीत हायड्रोजन सोडला तर? नवी भट्टी वाचेल.

थोडा सोडता येतो, पूर्ण नाही. कोक तिथे दोन कामं करतो. एक ऑक्सिजन काढण्याचं, दुसरं भट्टीतला सगळा भार तोलून धरून वायूला वाट मोकळी ठेवण्याचं. दुसरं काम हायड्रोजनला जमणार नाही. जर्मनी आणि जपानमध्ये अशा चाचण्या झाल्या आहेत आणि उत्सर्जन काही प्रमाणात घटतं हे खरं. पण झोतभट्टीचं अस्तर बदललं की ती पुढची पंधरा-वीस वर्षं चालवण्याचा मोह होतो. अशा उपायाला सरकारी पैसा देताना ‘यानंतर काय?’ हे लेखी घेतलं पाहिजे.

९. हरित हायड्रोजन इतका महाग का? सौर वीज तर स्वस्त झाली.

सौर वीज स्वस्त झाली, पण ती दिवसाचे काही तासच मिळते. इलेक्ट्रोलायझर महाग यंत्र आहे. ते वर्षातले चतुर्थांश तासच चाललं तर त्याची किंमत थोड्याच किलोंवर वाटली जाते. अखंड चालवायचं तर पवन, बॅटरी, साठवण असं सगळं लागतं आणि विजेचा दर वाढतो. या कात्रीतून सुटण्यात सगळं कौशल्य आहे. भट्टीला मात्र तास-दोन तास वायू बंद ठेवून चालत नाही, म्हणून साठवणीचा खर्च वेगळा. त्यात व्याजाचा दर येतो. प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च आधीच करायचा असल्याने व्याज दोन टक्के वाढलं तरी किमतीचं गणित बिघडतं.

पोलादाच्या भाषेत सांगायचं तर टनाला ५५ किलो हायड्रोजन. किलोचा भाव ५ डॉलर असेल तर टनामागे २७५ डॉलर, २ डॉलर असेल तर ११०. झोतभट्टीच्या मार्गाने टनाला पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो, तो २०० डॉलर टनाने घेतला तर १५० डॉलर. म्हणजे बाकीचे खर्च बाजूला ठेवले तर २ डॉलरला बाजी पलटते, ५ डॉलरला कारखानदार दारातूनच परत जातो.

१०. वीज आणि पाणी किती लागेल?

वर्षाला २५ लाख टनांचा कारखाना घेऊ. पाण्याचं विघटन, वायू तापवणं आणि आर्क फर्नेस मिळून टनाला साधारण ३,५०० युनिट. वर्षाला ८७५ कोटी युनिट झाले, म्हणजे रात्रंदिवस सुमारे १,००० मेगावॉट. केवळ सौर विजेवर भागवायचं तर चार-पाच हजार मेगावॉटची पॅनेल्स. ही वीज कुठून येणार, याचं उत्तर नसलेला प्रकल्प कागदावरच राहतो.

पाण्याची भीती त्यामानाने जास्त दाखवली जाते. रसायनशास्त्राने किलोला ९ लिटर लागतं, शुद्धीकरण आणि थंड करणं धरून २० ते ३० लिटर. खाऱ्या पाण्याचं गोडं करून वापरलं तरी एकूण खर्चात ती किंमत किरकोळ असते. पण जिथे सूर्य भरपूर तिथे पाणी कमी, हे अनेकदा घडतं. तिथे आधी गावाचं पाणी आणि मग कारखान्याचं, हा क्रम परवान्यातच असायला हवा.

११. पोलाद कंपन्या श्रीमंत आहेत. करदात्याने पैसा का द्यावा?

रास्त प्रश्न. उत्तराचे दोन भाग आहेत.

कार्बन सोडण्याची पूर्ण किंमत आज कारखान्याला मोजावी लागत नाही. जो स्वच्छ पोलाद करतो त्याचा खर्च वाढतो, आणि बाजारात त्याचं पोलाद शेजारच्या पोलादाइतकंच चमकतं. पहिला कारखाना बांधणाऱ्याच्या चुकांतून पुढचे सगळे शिकतात, पण चुकांचं बिल पहिल्यालाच येतं. तेवढा भार समाजाने उचलणं न्याय्य आहे.

दुसरा भाग मर्यादेचा. हा पैसा कायमचा खर्च भागवण्यासाठी नाही, तफावत भरण्यासाठी आहे. म्हणून मुदत हवी, नफा वाढला तर परतफेडीची अट हवी, आणि सोबतीला कार्बनला किंमत हवी. युरोपीय संघात उत्सर्जन परवान्यांचा बाजार आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, खत, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजनवर सीमेवरचा कार्बन आकार पक्क्या स्वरूपात लागू झाला. अशी किंमत नसेल तर अनुदान संपताच कारखाना कोळशाकडे वळतो.

ग्राहकावर भार किती, हेही पाहावं. एका मोटारीत सरासरी ९०० किलो पोलाद असतं. हरित पोलाद टनाला २०० डॉलरनी महाग आहे असं धरलं, तरी मोटार १८० डॉलरनीच महाग होते. पोलाद विकणाऱ्याला न पेलणारा फरक मोटार घेणाऱ्याला सहज पेलतो. त्यामुळे सरकारने पूल, रेल्वे, इमारतींसाठी हरित पोलाद घेण्याचं ठरवणं हा अनुदानाइतकाच जोरकस मार्ग आहे, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित.

१२. सरकारं हा पैसा देतात तरी कशी?

मुख्य प्रकार चार.

पहिला, बांधकामाला थेट अनुदान. जर्मनीत ड्युइसबर्गच्या थिसेनक्रुप पोलाद कारखान्याला २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने मंजूर केलेल्या २०० कोटी युरोंपैकी ५५ कोटी असे बांधकामासाठी होते. बाकीचे १४५ कोटींपर्यंत पहिल्या दहा वर्षांत हायड्रोजन प्रत्यक्ष विकत घेतला तर वाढीव खर्चापोटी द्यायचे.

दुसरा, उत्पादनावर किलोमागे ठरावीक रक्कम, लिलावातून. युरोपीय हायड्रोजन बँकेच्या पहिल्या लिलावाचा निकाल एप्रिल २०२४ मध्ये लागला. किलोला ४.५० युरोपर्यंत मागायची मुभा होती, पण निवडल्या गेलेल्या सात प्रकल्पांनी ०.३७ ते ०.४८ युरोच मागितले. एकूण सुमारे ७२ कोटी युरो, दहा वर्षांसाठी. ऐकायला छान, पण सातातला एक करार होण्यापूर्वीच बाहेर पडला. फार कमी बोली लावणारा नेहमी स्वस्तच असतो असं नाही, कधी तो फक्त आशावादी असतो. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातही याच धाटणीचा मोठा भाग आहे: जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांपैकी १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी, तर पोलादातल्या पथदर्शी प्रकल्पांसाठी ४५५ कोटी.

तिसरा, तफावतीचा करार. ठरलेल्या किमतीपेक्षा खर्च जास्त पडला तर सरकार फरक भरतं, परिस्थिती उलटली तर कंपनी सरकारला देते. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये १५ उद्योगांशी असे १५ वर्षांचे करार केले, कमाल २८० कोटी युरोंचे. जपानने २०२४ च्या कायद्यानंतर १५ वर्षांत ३ लाख कोटी येनची योजना आखली आहे.

चौथा, करसवलत. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात किलोला ३ डॉलरपर्यंत, दहा वर्षं. पण ३ डॉलर पूर्ण मिळायला किलोमागे उत्सर्जन ०.४५ किलोच्या खाली हवं. २०२५ मध्ये कायदा बदलला आणि २०२७ संपायच्या आत बांधकाम सुरू करणाऱ्यांनाच ती उरली.

मला स्वतःला तिसरा प्रकार पटतो. माल निघाला नाही तर पैसा जात नाही, आणि दिवस पालटले तर तिजोरीला परत येतो.

१३. टळलेल्या एका टन कार्बनमागे सरकारचा किती खर्च होतो?

प्रश्न ६ चं माप घ्या आणि त्याला अनुदान जोडा. किलोला ३ डॉलर दिले असं समजू. पोलादात किलोला ३० किलो टळतो, म्हणजे टनाला १०० डॉलर. करड्याच्या जागी वापरला तर टनाला ३०० डॉलर. बॉयलरमध्ये जाळला तर ४५० च्या आसपास. भट्टीचा खर्च यात धरलेला नाही, त्यामुळे पोलादाचा खरा आकडा वर सरकेल. तरीही एकाच दराचं अनुदान वेगवेगळ्या ठिकाणी किती वेगळं फळ देतं ते दिसतं. किलोला सरसकट रक्कम देणाऱ्या योजनेत हा फरक झाकला जातो. हायड्रोजन कुठे वापरला, याची अट तिथे नसते.

१४. अनुदान मंजूर होऊनही कंपन्या माघार का घेतात?

कारण अनुदान कारखाना बांधून देतं, तो रोज चालवून देत नाही. पोलाद कंपनी आर्सेलरमित्तलने जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझनहुटनस्टाट इथले हायड्रोजनचे बेत सोडले. १३० कोटी युरोंचं अनुदान समोर असूनही विजेचा आणि हायड्रोजनचा खर्च जुळत नव्हता. थिसेनक्रुपने त्याच वर्षी मार्चमध्ये हायड्रोजन खरेदीची निविदा थांबवली, आलेले भाव अपेक्षेपेक्षा फार वर होते. पोलादाची मागणी मंद, स्वस्त आयात, महाग वीज, पाईपलाईन वेळेवर होईल की नाही याची शंका, हे सगळं एकदम येतं.

यातून ‘हायड्रोजन फसला’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. विजेचा दर आणि गिऱ्हाईक हे दोन खांब नसताना एकट्या अनुदानावर मांडव उभा राहत नाही, एवढं मात्र स्पष्ट झालं. बातमी वाचताना म्हणूनच इतकं शोधा: वीजखरेदीचा करार झाला का, पोलाद घेणाऱ्याने सही केली का, बँकांचं कर्ज पक्कं झालं का. तिन्ही नसतील तर ती फक्त घोषणा आहे.

१५. कारखान्याने ग्रिडचीच वीज घेतली आणि वर्षाअखेरीस तेवढी सौर प्रमाणपत्रं विकत घेतली, तर तो हायड्रोजन हरित का?

कोणत्या देशाचा नियम लावता त्यावर. भारताच्या ऑगस्ट २०२३ च्या व्याख्येत किलोमागे २ किलोपर्यंत उत्सर्जन चालतं, आणि तेही १२ महिन्यांची सरासरी. युरोपात मर्यादा सुमारे ३.४ किलो, पण विजेच्या अटी कडक: वीज नव्या प्रकल्पातली हवी, त्याच विद्युत क्षेत्रातली हवी, आणि २०२९ अखेरपर्यंत त्याच महिन्यातली, २०३० पासून त्याच तासातली. अपवादही आहे. ज्या क्षेत्रात ग्रिडमधली ९० टक्क्यांहून जास्त वीज अक्षय स्रोतांची असते तिथे नव्या प्रकल्पाची अट लागत नाही.

ताशी अटीवर उद्योग नाराज आहे, कारण इलेक्ट्रोलायझर चालण्याचे तास कमी होतात आणि भाव वाढतो (प्रश्न ९). पण ती नसेल तर दुपारी सौर वीज मोजून रात्री कोळशावर यंत्र चालवता येतं. वर्षाची बेरीज जुळते, धुराची जुळत नाही. सुरुवातीला थोडी सूट समजू शकतो, कायमची नाही.

१६. हरित अमोनिया झाला की युरियाही हरित झाला ना?

इथे बरेच जण फसतात. युरिया बनवायला अमोनियासोबत कार्बन डायऑक्साइडही लागतो, एक टन युरियाला सुमारे ०.७३ टन. आज तो त्याच कारखान्यात, करडा हायड्रोजन काढताना मिळतो. हायड्रोजन पाण्यातून काढला की हा स्रोतच नाहीसा होतो. मग तो साखर किंवा मद्यार्काच्या कारखान्यातून, सिमेंटच्या धुराड्यातून किंवा दुसरीकडून आणावा लागतो. शिवाय शेतात युरिया टाकला की तो कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. त्यामुळे अमोनियम नायट्रेट, डीएपी अशा खतांत हरित अमोनिया लगेच बसतो, युरियात नाही. अनुदानाच्या यादीत ‘खत’ असा एकच शब्द असेल तर हा फरक सुटतो.

१७. हायड्रोजन आयात करावा का? की तयार लोखंडच आणावं?

हायड्रोजन द्रवरूप करायला उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. अमोनियाच्या रूपात आणून पुन्हा फोडला तर त्यातही ऊर्जा जाते. त्याउलट स्पंज आयर्न गरम असतानाच दाबून त्याच्या विटा केल्या की त्या साध्या जहाजातून जातात. म्हणून जिथे वारा, ऊन आणि चांगलं खनिज आहे तिथे लोखंड काढावं आणि आर्क फर्नेस गिऱ्हाइकाजवळ ठेवावी, हे हिशेबात बसतं. सरकारांना ते पचत नाही, कारण भट्टीजवळच्या नोकऱ्या जातात. ती काळजी खोटी नाही, पण ती उद्योगधोरणाची गोष्ट आहे. तिचा खर्च हवामानाच्या खात्यात दाखवू नये.

अमोनिया म्हणूनच वापरायचा असेल तर आयात सोपी आहे. जर्मनीच्या एचटू-ग्लोबल योजनेत जुलै २०२४ मध्ये इजिप्तमधल्या हरित अमोनियाचा सौदा पोचता टनाला १,००० युरोला झाला.

१८. भंगार वितळवलं तर हायड्रोजनची गरजच संपेल की.

भंगारापासून पोलाद करणं सगळ्यात स्वच्छ आणि स्वस्त, आणि ते जास्तीत जास्त करावंच. पण आज वापरात असलेल्या इमारती आणि यंत्रं मोडीत निघायला दशकं लागतात, तोवर भंगार मागणीला पुरत नाही. भंगारात मिसळलेलं तांबं काढणंही कठीण, त्यामुळे मोटारीच्या पत्र्यासारख्या मालाला ताजं लोखंड लागतंच.

१९. हायड्रोजन धोकादायक आहे ना? आणि गळला तर?

हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात तो पेट घेतो, ठिणगीही अगदी बारीक पुरते आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. रिफायनऱ्या आणि खत कारखाने तो पिढ्यान् पिढ्या हाताळतात, पण शिस्तीने. काही प्रकारचं पोलाद त्याच्या संपर्कात ठिसूळ होतं, म्हणून जुने वायूचे पाईप तपासल्याशिवाय वापरता येत नाहीत.

गळलेला हायड्रोजन स्वतः उष्णता अडवत नाही. पण तो हवेतल्या मिथेनचं आयुष्य लांबवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा अप्रत्यक्ष परिणाम वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ११-१२ पट धरला जातो. गळती एक-दोन टक्क्यांत राहिली तर पोलादातला फायदा शाबूत राहतो. ती मोजलीच नाही तर कुणालाच कळणार नाही, म्हणून मोजमापाची अट अनुदानातच हवी.

२०. ‘आधी नैसर्गिक वायूवर चालवू, पुढे हायड्रोजन आणू’ असं सांगून अनुदान घेतलं आणि पुढचं कधी आलंच नाही, तर?

तांत्रिकदृष्ट्या हा मार्ग खरा आहे. नैसर्गिक वायूवरच्या स्पंज आयर्न भट्ट्या जगभर चालतात, त्यात हायड्रोजनचं प्रमाण हळूहळू वाढवता येतं, आणि निव्वळ वायूवरही झोतभट्टीच्या मानाने उत्सर्जन बरंच घटतं. म्हणून सरसकट नकार देणं बरोबर नाही.

पण त्यासाठी करारात तारखा हव्यात: कोणत्या वर्षी किती टक्के हायड्रोजन, आणि नाही झालं तर किती पैसा परत. हायड्रोजन बाजारात मिळालाच नाही, तर दोष कंपनीचा की पाईपलाईन न बांधणाऱ्या सरकारचा, हेही आधीच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर वाद न्यायालयात जातो आणि भट्टी वायूवरच चालू राहते. थिसेनक्रुपच्या मंजुरीत फार नफा झाला तर काही रक्कम परत करण्याचं कलम आहे आणि चालवण्याचा पैसा हायड्रोजन खरेदीशी बांधलेला आहे, ही रचना चांगली. बांधकामाचा पैसा मात्र एकदा गेला की वसूल करणं अवघड. त्यामुळे तो टप्प्याटप्प्याने, काम पाहून सोडावा, आणि करारातल्या तारखा व टक्केवारी व्यापारी गुपित म्हणून झाकू नयेत. ज्यांच्या करातून भट्टी उभी राहते, त्यांना ती कशावर चालते हे दर वर्षी पाहता आलं पाहिजे.